शिट्टी वाजेपर्यंत

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५. रात्रीचे साडेअकरा.

काल शिट्टी वाजली तेव्हा शौनकने आतून विचारलं, "जिंकलात?" मी म्हटलं, "हो."

तेवढंच. गॅस बंद केलास का, हो. इस्त्रीवाल्याचे पैसे दिलेस का, हो. त्याच आवाजातलं हो. त्याने पुढे काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नाही. आणि ते 'हो' आज दिवसभर माझ्या मागे लागलंय. ऑफिसात, येताना पावसात रिक्षाची वाट बघताना, आत्ता इथे.

इंग्लंडची फुटबॉल लीग. मँचेस्टर युनायटेड ०, आर्सेनल, म्हणजे आम्ही, १. हंगामाचा पहिलाच सामना आणि तोही त्यांच्या ओल्ड ट्रॅफर्डवर. ज्या मैदानावर २०११च्या ऑगस्टमध्ये आम्ही ८-२ हरलो होतो. त्या रात्री मी जेवले नव्हते. आईने ताट झाकून ठेवलं होतं आणि सकाळी न बोलता उचललं होतं. त्याच मैदानावरून पहिल्याच दिवशी तीन गुण घेऊन आलो, तर मी खरं म्हणजे घर डोक्यावर घ्यायला हवं होतं.

गोल तेराव्या मिनिटाला झाला. आमच्या राइसचा कॉर्नर, गोलसमोर ही गर्दी, त्यांच्या गोलीला, बायंदिरला, आमचा सालिबा खेटून उभा. चेंडू गोलीच्या हातून निसटला आणि आमच्या कालाफिओरीने जवळजवळ रेषेवरूनच डोकं लावलं. मी ओरडले, ते आठवतंय. खाली ढोलपथकाचा सराव चालू होता, त्यात माझा आवाज कुणाला ऐकू गेला नसेल. त्यानंतर मात्र मी ओरडलेच नाही. युनायटेडने २२ वेळा गोलकडे मारलं, आम्ही ९ वेळा. त्यांच्या डोर्गूने लांबून मारलेला चेंडू खांबाला लागला तेव्हा मी उशी तोंडावर धरली. एम्बुमोच्या हेडरला आमचा गोली राया खाली झेपावला, ते मी उशीच्या कडेवरून पाहिलं. ज्या नव्या ग्योकेरेसची अख्खा जुलै वाट पाहिली, तो तासाभरात बाहेर आला आणि हावर्ट्झ आत गेला. चेंडू आमच्याकडे यायचा आणि लगेच जायचा. सलग पाच पासही नीट बघायला मिळत नव्हते.

ग्रुपवर रात्री दोन तट पडले होते. निम्म्यांचं म्हणणं, असेच सामने काढणारे शेवटी कप उचलतात, तीन गुण घ्या आणि झोपा. निम्म्यांचं, एवढे पैसे ओतून हे बघायचं असेल तर कठीण आहे. एकाने सगळ्या हंगामाचा हिशेब मांडून टाकला, कुठे किती गुण लागतील. मी दोन्हीकडे अंगठा दिला. दोन्ही बाजू पटल्या म्हणून नाही. मला दोन्हीतलं काहीच वाटत नव्हतं. मंदारचा मेसेज आला नाही. त्याचं युनायटेड हरल्यावरही यायचा एरवी. ते जाऊ दे.

मला छळतंय ते हे: साखळीतला आमचा शेवटचा सामना २५ मेला झाला, साउदॅम्प्टनला. म्हणजे ८४ दिवस मी या रविवारची वाट पाहिली. सगळं आवरून, भांडी घासून, पावणेनऊला टीव्हीसमोर बसले. आणि तेराव्या मिनिटापासून पुढे सगळा वेळ मी एकच गोष्ट करत होते. हे संपायची वाट बघत होते. कोपऱ्यातलं घड्याळ बघत होते. चौसष्ट. सहासष्ट. अजून सहासष्टच. ८४ दिवस जिच्यासाठी थांबले, ती गोष्ट सुरू झाली आणि मला ती लवकरात लवकर संपायला हवी होती.

मग मला नक्की काय आवडतं? खेळ आवडतो म्हणते. खेळ आवडणारं माणूस खेळ संपायची वाट बघत बसतं का?

मला वाईट वाटतंय. लिहून काढलं तरी ते तसूभर हलत नाहीये.

मी ज्या आर्सेनलच्या प्रेमात पडले तो वेंगर प्रशिक्षक असतानाचा. तेव्हा आम्ही हरायचोही किती, पण मी खेळ संपायची वाट बघितल्याचं आठवत नाही. नॉर्विचविरुद्ध विल्शरचा तो गोल, १९ ऑक्टोबर २०१३. काझोर्ला, जिरू, पुन्हा विल्शर, सगळे एका स्पर्शात, चेंडू जणू त्यांच्यातल्या त्यांच्यात कुजबुजत पुढे गेला. तो गोल मी त्या आठवड्यात किती वेळा पाहिला असेल. आबांना दाखवला होता फोनवर. आबा म्हणाले होते, "ही काय शाळा शिकलीत गं ही पोरं?" त्या हंगामाची सुरुवात कशी होती हे मी आज मुद्दाम शोधून पाहिलं. १७ ऑगस्ट २०१३. घरच्या मैदानावर ॲस्टन व्हिलाकडून १-३. बरोबर बारा वर्षांपूर्वी, तीच तारीख. त्या दिवशी मी रडले असेन, पण आज त्या वर्षाचं नाव काढलं की मला विल्शरचा गोलच दिसतो, व्हिला दिसत नाही.

आणि तरीही हे सगळं धुऊनपुसून गोड करून सांगतेय का मी स्वतःला? २००३-०४च्या अजिंक्य संघाचं नाव आपण किती घेतो. ३८ सामने, २६ विजय, हार शून्य. उरलेल्या १२ बरोबऱ्यांबद्दल कोण बोलतं? त्यातली एक याच ओल्ड ट्रॅफर्डवरची, ०-०. शेवटच्या क्षणी व्हॅन निस्टेलरॉयची पेनल्टी आडव्या दांड्यावर आदळली म्हणून वाचलेली. ती पेनल्टी आत गेली असती तर 'अजिंक्य' हा शब्दच नसता. त्याच्याही आधी जॉर्ज ग्रॅहम प्रशिक्षक असतानाच्या काळात तर एक-शून्य हेच आमचं ओळखपत्र होतं. १९९४ला कोपनहेगनमध्ये पार्माला हरवून युरोपचा कप विनर्स कप आणला तो ॲलन स्मिथच्या एका गोलवर. आमच्या जुन्या मैदानावरचे, हायबरीतले लोक तेव्हा एक-शून्य असंच गायचे, अभिमानाने. म्हणजे कालचा सामना आमच्या घराण्यातलाच आहे, परका नाही. हे डोक्याला कळतं.

पण मला नीरसपणाचा त्रास झालेला नाही, हे आत्ता लिहिता लिहिता कळतंय. नीरस सामने मी आयुष्यभर पाहिलेत. मला भीतीचा त्रास होतोय. २०२३ला लीगमध्ये दुसरे. २०२४ला दुसरे, दोन गुणांनी. २०२५ला पुन्हा दुसरे. तीन वर्षं लागोपाठ दारापर्यंत जाऊन आलो. २००४नंतर लीग नाही. त्यामुळे हंगामातल्या पहिल्या रविवारीही मी हंगाम संपतानाच्या मे महिन्यातलं माणूस होऊन बसते. एक गोल झाला की मला दुसरा नको असतो, मला कुलूप हवं असतं. आमचा प्रशिक्षक आर्टेटाही तसाच झालाय का? त्याचा सहायक निकोलस जोव्हर, त्याने कॉर्नर पाठ करून घेतलेले, मागे सालिबा आणि गॅब्रियल. मैदानावर जे चाललं होतं ते आणि माझ्या पोटात जे चाललं होतं ते सारखंच होतं. कदाचित म्हणूनच बघवत नव्हतं.

आज शेवटचा श्रावणी सोमवार. खिचडी खाऊन झाल्यावर कोल्हापूरला आबांना फोन केला. ते पेपर शेवटच्या पानापासून वाचतात, त्यामुळे त्यांना निकाल माहीत होता.

"जिंकलासा न्हवं? मग आवाज का असा येतोय?"

म्हटलं, बरं नव्हते खेळले, आबा. कॉर्नरवर एक गोल, बाकी सगळा वेळ त्यांचाच.

"कॉर्नरवर गोल करायचा नसतोय काय? म्या शाहू स्टेडियमवर आख्खी स्पर्धा कॉर्नरवर काढल्याली बघितलीया."

मग मी त्यांना ते घड्याळाचं सांगितलं. सांगणार नव्हते. चौसष्ट, सहासष्ट, आणि नुसतं संपू दे, संपू दे वाटत होतं, सगळं. पलीकडे ते गप्प झाले. मला वाटलं रेंज गेली. पंचगंगेचं पाणी चढतंय म्हणत होते, तिकडे पाऊस फार आहे.

मग आपल्या तालमीचं, म्हणजे तिथल्या त्यांच्या फुटबॉल संघाचं, बोलले, "तालीम एका गोलनं फुडं असली की शेवटची दहा मिनिटं म्या कधीच बघितली न्हाईत. पाठ करून उभारायचो मैदानाकडं."

"मग कळायचं कसं?"

"गॅलरीतल्या पोरांची तोंडं बघायचो की. तोंडावरनं कळतंय."

हे मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं माणूस स्टेडियमवर गेला. घरी येऊन शेवटच्या मिनिटातली वाचवणूक अशी रंगवून सांगायचा की मी आणि दादा जेवण सोडून ऐकायचो. गोली कसा हवेत आडवा झाला, चेंडू कसा बोटांना लागून बाहेर गेला. त्यातलं आबांनी काहीच पाहिलेलं नव्हतं. ते सगळं त्यांनी गॅलरीतल्या चेहऱ्यांवर वाचलेलं होतं.

मी विचारलं, "मग जायचात कशाला?"

"जायाला नगो? आपली तालीम खेळतीया."

त्यांना याहून जास्त सांगायचं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. गुडघ्यामुळे मागच्या हंगामात ते एकदाच जाऊ शकले, त्या पायऱ्या आता होत नाहीत. त्याबद्दल आम्ही बोलत नाही. त्यांनीच विषय बदलला, यंदा आयएसएल, म्हणजे आपली इंडियन सुपर लीग, होतीया का न्हाई म्हणून विचारलं. म्हटलं, जुलैत हंगाम थांबवून ठेवलाय, फुटबॉल महासंघ आणि आयोजकांचा करार डिसेंबरात संपतोय, तो सुटल्याशिवाय काही नाही. "म्हंजे पोरांनी काय करायचं?" म्हणाले. सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हापासून आबांना ही सगळी पोरं घरचीच वाटतात. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचा तर निदान सामना झाला.

फोन ठेवल्यावर मी कालचा सामना पुन्हा लावला. शेवटची दहा मिनिटं. निकाल माहीत असताना. घड्याळावर मुद्दाम कागदाचा तुकडा चिकटवला, आपण उपवासाच्या दिवशी फरसाणाचा डबा वर ठेवतो तसा.

फार काही सुंदर नव्हतंच. पण चेंडूऐवजी मी आज माणसं बघत होते. आमचे बचाववाले प्रत्येक चेंडू बाहेर घालवल्यावर एकमेकांना हात देतात, कॉर्नर दिला तरी. गोल केल्यासारखा हात देतात. काल हे मला दिसलंच नव्हतं. पाहुण्यांच्या स्टँडमधली आमची माणसं दाखवली एकदा. थकलेली, ताणलेली, उभी. एका बाईने दोन्ही हात डोक्यावर धरले होते आणि डोळे मिटलेले होते. ओल्ड ट्रॅफर्डचं तिकीट काढून, तिथवर जाऊन, डोळे मिटून उभी.

मी ते चित्र थांबवून बराच वेळ बघत बसले. शौनक पाणी प्यायला आला, विचारलं, हे काय बघतेयस. मी म्हटलं, आम्ही जिंकलोय ते. या वेळी तो हसला आणि शेजारी बसला. चार मिनिटं उरली होती, ती त्यानेही पाहिली.

शनिवारी लीड्स, आमच्या एमिरेट्सवर, रात्री दहाला. आबांना जागं राहायला सांगितलंय. एका गोलने पुढे असलो तर शेवटच्या दहा मिनिटांत फोन लावणार आहे.