साताऱ्यात भिंतीवर चित्र काढायचंय? आधी भिंत कोणाची ते कागदावर आणा

काम साधं होतं. साताऱ्यात रस्त्याकडेच्या एका संरक्षक भिंतीवर कासची फुलं रंगवायची. भिंत ४० फूट लांब, ८ फूट उंच. संकल्पचित्र तयार, रंगाचा हिशेब झालेला, परांचीवाला ठरलेला. आणि सगळं अडलं एका प्रश्नावर: ही भिंत कोणाची?

मालमत्तेच्या विद्रूपणाविरुद्ध राज्यात १९९५ चा कायदा आहे. त्यामुळे लेखी परवानगीशिवाय ब्रश लावू नये. कोणी साहेब तोंडी 'करा की, चांगलंच आहे' म्हणाले, तरी उद्या तक्रार आली की ते वाक्य कुठेही नोंदलेलं नसतं. सोसायटीची किंवा शाळेची भिंत असेल तर मालक कोण ते तरी माहीत असतं, त्याचं पत्र घेता येतं. त्रास आहे तो रस्त्यालगतच्या भिंतींचा.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर वसलंय, त्यामुळे माती धरून ठेवणाऱ्या भिंती जागोजागी. त्या बांधल्या मात्र वेगवेगळ्यांनी. कुठे नगरपालिकेने, कुठे सार्वजनिक बांधकाम विभागाने, कुठे आमदार निधीतून, तर कुठे तेव्हाच्या ग्रामपंचायतीने. २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरीसारखे भाग नगरपालिकेत आले. अशा ठिकाणी भिंत आज एकाच्या हद्दीत आणि तिचे कागद दुसऱ्याच्या कपाटात असू शकतात.

आमचा अर्ज एका कार्यालयातून परत आला, शेरा होता 'सदर भिंत या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही'. मग कोणाच्या येते? ते लिहायला कोणी तयार नाही. पुढच्या कार्यालयाने सांगितलं, मालकीचा पुरावा जोडा. म्हणजे सरकारी भिंत सरकारची आहे हे अर्जदाराने सिद्ध करायचं! टेबलामागचा माणूस सुटीवर असला की अर्ज तसाच पडून, आणि इकडे रंगकामाचा हंगाम निघून चाललेला. याचा राग अजून गेलेला नाही.

सिटी सर्व्हेचा नकाशा काढून उपयोग होत नाही. त्यात जागा दिसते, भिंत दिसत नाही. आणि अशी भिंत बरोबर रस्त्याच्या कडेवर असते, त्यामुळे दोन्हीकडचे लोक हात वर करतात. मोजणीच्या खर्चात तर मुळीच पडू नका.

मार्ग निघाला माहिती अधिकारातून, पण प्रश्न नीट विचारावा लागतो. 'ही भिंत कोणाची?' असं विचारलं तर 'माहिती उपलब्ध नाही' हेच उत्तर येणार, कारण कायद्याने फक्त दप्तरी असलेली माहिती मिळते, कोणाचं मत नाही. म्हणून कागद मागा: भिंतीच्या कामाचा कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायला दिलेलं पत्र), मोजमाप पुस्तिकेतल्या (झालेलं काम मोजून लिहितात त्या वहीतल्या) नोंदी, आणि हस्तांतरण झालं असेल तर त्याचं पत्र. जागा ओळखू येईल अशी खूण लिहा, अमुक चौक ते तमुक गल्लीचं तोंड. जोडपत्र 'अ' वर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. झेरॉक्सचे पानामागे दोन रुपये. कार्यारंभ आदेशावर खातं आणि कामाचं नाव असतं, तोच तुमचा पुरावा. तो जोडल्यावर परवानगीचं पत्र विनासायास मिळालं.

पत्रात भिंतीची सुरुवात-शेवट, कामाच्या तारखा आणि चित्र किती वर्षं ठेवणार हे लिहून घ्या. नाहीतर पुढच्या रंगरंगोटीच्या टेंडरमध्ये ठेकेदार चित्रावर सरळ पिवळा-तपकिरी पट्टा ओढतो, आणि त्याची चूकही नसते, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. परांची रस्त्यावर येणार असेल तर वाहतूक पोलिसांचं पत्र वेगळं.

आता भिंतीकडे. अशा भिंतीत ओल मागच्या मातीतून येते, पुढून कितीही भारी रंग लावा. दीड फूट बाय दीड फूट प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर थांबा. लोणा (भिंतीवर फुटणारे पांढरे क्षार) लागला असेल तर कोरड्या ब्रशने घासून काढा. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात आणि रंगाखाली फुगतात. पाणी निघायची भोकं पुट्टीने बुजवू नका, तुंबलेलं पाणी गिलाव्यासकट रंग ढकलतं. त्या भोकांखाली गढूळ ओघळ येणारच, म्हणून तिथे फिका रंग नको. आम्ही तिथे गर्द हिरवे देठ घेतले. तळाचा फूटभर पट्टा कासच्या सड्याचा (खडकाळ पठाराचा) जांभा म्हणून लाल ऑक्साइडच्या छटांत रंगवला. पावसाचे शिंतोडे आणि पानाच्या पिचकाऱ्या त्यात खपून जातात.

एक्स्टिरियर इमल्शन दोन हातांना लिटरमागे साधारण ५० ते ६० चौरस फूट जातं. ३२० चौरस फुटांना पायाचाच रंग सहा लिटरच्या आसपास लागतो, प्रायमर वेगळा. गिलावा नवा असेल तर २८ दिवस जाऊ द्या.

फुलांच्या रंगांची खरी अडचण उन्हाची. सोनकीचा झगझगीत पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी सगळ्यात आधी उडतात, पश्चिमेच्या भिंतीवर तर लवकरच. गेरूच्या जातीतले ऑक्साइड रंग टिकतात. म्हणून सोनकीखाली आधी पिवळ्या ऑक्साइडचा हात द्या, वरचा पिवळा फिकटला तरी फूल फूलच दिसतं. मिसळलेल्या प्रत्येक रंगाची एक बाटली प्रमाण लिहून जपून ठेवा, डागडुजीला तीच छटा पुन्हा जमत नाही.

चित्र उतरवायला एक इंचाला एक फूट अशा चौकटी, खडूच्या दोरीने. परमनंट मार्कर नको, त्याची शाई इमल्शनमधून वर येते. ओलीच्या भिंतीवर क्लिअर कोटही नको; आतली वाफ अडून पांढरे फोड येतात. काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. थंडीत दव वाळल्याशिवाय सुरू करू नका, आणि एप्रिलच्या तापल्या भिंतीवर रंग धरायच्या आधीच सुकतो.

अर्जाबद्दलचं एक राहिलं. आचारसंहिता लागली की असे अर्ज बाजूला पडतात, तेव्हा निवडणुकांचा अंदाज घेऊनच अर्ज टाका. प्रत्येक कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या, पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. आणि परवानगीची प्रत प्लास्टिकमध्ये घालून परांचीला बांधून ठेवा. गाडी थांबवून 'कोणाला विचारून चाललंय?' म्हणणारे रोज भेटतात.