पांढरं काजळ

शुगर वाढली म्हणून डॉक्टरांनी चालायला लावलं, तेव्हापासून पुण्याजवळच्या मांजरी गावातला नाल्याकडेचा रस्ता आमच्या वाट्याला आलाय. वास असा, की पहिले पंधरा दिवस हिने नाकावरचा पदर काढला नव्हता. पक्षी बघायचेच तर थंडीत कवडीपाटाला जावं, मुळा-मुठेवरच्या जुन्या बंधाऱ्यावर. तिथे चक्रवाक येतात, थापटे येतात, आणि रविवारी त्यांच्याहून जास्त कॅमेरे येतात. भाद्रपदात नाल्याकडे कोण बघतंय?

गौरी गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, दिवेलागणीला, पाणकणसाच्या उंच गवताच्या कडेला चिखलात काहीतरी हललं. खरं म्हणजे हलायचं थांबलं, म्हणून लक्ष गेलं. वंचक बगळा असेल म्हणून मी पुढे निघालो होतो. हिने बाही ओढली.

वीतभर पक्षी. लांब चोच, टोकाशी किंचित खाली झुकलेली. गळा आणि छाती भाजल्या विटेच्या रंगाची. खांद्यावरून पांढरा पट्टा, शबनमचा बंद अडकवावा तसा. आणि डोळा! भोवती पांढरं वलय, त्यातूनच मागे ओढलेली रेघ. काजळ पांढरं असतं तर असंच दिसलं असतं. दोन-तीन मिनिटं तो पुतळा होऊन राहिला, मग मागचा भाग खालीवर डोलवत कणसांत शिरला.

"रंगीत पाणलावा. नर आहे," मी ठोकून दिलं.

घरी पुस्तक उघडलं तर ती मादी निघाली. या जातीत नटणं तिच्याकडे. नर मातकट, अंगावर सोनेरी ठिपके, चिखलात बसला तर शोधून सापडायचा नाही. अंडी घालून झाली की ती दुसरा नर बघते. अंडी उबवायची आणि पिल्लं हिंडवायची त्याने. नावात लावा असला तरी याचं जवळचं नातं कमळपक्ष्याशी, आणि त्यांच्या घरीही हाच कारभार. हिने सगळं शांतपणे ऐकलं आणि कुकरची जबाबदारी माझ्यावर सोपवून टीव्ही लावला.

पुढची ओळ वाचून मात्र दोघंही गप्प झालो. मादी तिन्हीसांजेला साद घालते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारावी तशी. तो घुमणारा 'ऊक्... ऊक्' महिनाभर आमच्या कानावर येत होता. कुणाच्यातरी शेतातली मोटार बिघडलीय, असं आम्ही ठरवून टाकलं होतं. हा पक्षी थंडीतला पाहुणा नव्हे, बारमाही इथलाच. पहाटे आणि संध्याकाळी वावरतो, चाहूल लागली की थिजतो, एवढाच त्याचा दुर्मीळपणा.

आता पंचाईत अशी. नाल्याला दोन्ही बाजूंनी काँक्रीटची भिंत घाला, गवत काढा, या सोसायटीच्या अर्जावर माझी सही आहे, वरून तिसरी. वास येतो तो येतोच, डास आहेतच. पण ज्या चिखलाला आपण नाकं मुरडतो, त्यातच चोच खुपसून ती किडे-गांडुळं वेचत होती.

परवा सेक्रेटरी जिन्यात भेटले. अर्ज पुढे सरकलाय म्हणाले, खुशीत होते. मी "अरे वा" म्हणालो. वर आल्यावर हिने विचारलं, "पाणकणीसही काढणार आहेत का हो?"

मी कपाटातून अर्जाची प्रत शोधायला घेतली.