सीडब्ल्यूएल अपडेट: ३६-३६, आणि तो माझाच मेसेज

मंडळी, क्लॅश ऑफ क्लॅन्स या मोबाईल गेममध्ये आमचा क्लॅन (म्हणजे टीम) सध्या सीडब्ल्यूएल, क्लॅन वॉर लीग खेळतोय, सात दिवस, रोज नवा क्लॅन समोर. मागच्या वेळी मी खेळाडूंच्या माझ्या त्या शीटचं केवढं कौतुक केलं होतं आठवतंय ना, टाउन हॉल, हिरो लेव्हल, मागच्या पाच वॉरचे स्टार, सगळं रंगवून बिंगवून. काल दुपारी २:४० ला, वॉर संपताना, ती शीट माझ्यासकट तोंडावर आपटली. तिसरा दिवस, १५ विरुद्ध १५, स्कोअर ३६-३६ स्टार (एका बेसवर जास्तीत जास्त तीन) आणि हरलो डिस्ट्रक्शनवर, म्हणजे स्टार सारखे पडले की बघतात त्या पाडापाडीच्या टक्केवारीवर, आमचे ८७.६ त्यांचे ९०.२. त्यांचे पंधराच्या पंधरा अटॅक झालेले, आमचे चौदा. आमच्या अकरा नंबरच्या खेळाडूचा अटॅक तसाच पडून. समोरच्यांचा एक ताजा बेस (कुणी हातच न लावलेलं गाव) उभा होता, त्याने नुसते ५० टक्के पाडले असते किंवा टाउन हॉल उडवला असता तरी एक स्टार येऊन विषय संपला असता. जिंकल्याचे १० बोनस स्टार पण गेले.

(पहिला दिवस जिंकलो. दुसऱ्या दिवसाबद्दल बोलायला नको, सिंहस्थाच्या कामासाठी आमच्या गल्लीत खणलंय, केबल तुटली आणि माझे लावालून्स (लावा हाउंड आणि बलूनची फौज) अर्ध्या बेसवर असताना गेम रिकनेक्ट होत बसला. तेव्हापासून लीगच्या आठवड्यात मोबाईल डेटाचं रिचार्ज वेगळं, वायफायवर माझा भरवसा नाही.)

तर अकरा नंबर. बारा वाजता मेसेज केला, साडेबाराला केला, एकला लागोपाठ तीन, मग कॉल. रिंग जातेय, उचलत नाही. मार्च २०२५ मध्ये ट्रेनिंग टाइम (फौज तयार व्हायला लागणारा वेळ) गेल्यापासून "आर्मी तयार नव्हती" ही सबबच संपली, त्यामुळे आता अटॅक मिस म्हणजे निव्वळ आळस असं माझं पक्कं मत होतं. क्लॅन चॅटमध्ये मी जे लिहिलं ते इथे लिहीत नाही. त्याला क्लॅनमधून काढायच्या, किकच्या बटणावर बोट होतं अक्षरशः.

सव्वातीनला त्याचा रिप्लाय आला. "दादा आत्ता सुटलो, फोन लॉकरमध्ये असतो. तुम्हीच म्हणले होते ना होल्ड."

वर स्क्रोल केलं. आदल्या रात्री ११:०८, माझाच मेसेज: "११ होल्ड. मी सांगितल्याशिवाय मारायचं नाही." खाली त्याचा अंगठा. त्याच्या खाली सकाळी ६:१० ला, "दादा बसची वाट बघतोय, आर्मी लावलीय, मारू का?" हा मेसेज मी साडेआठला बघितला होता. बघितला, आणि सात नंबरच्या फेल अटॅकचा रिप्ले बघत बसलो, तिसऱ्यांदा. उत्तर द्यायचं राहून गेलं. त्याची कंपनी सातपूरची, आणि सातपूरला फर्स्ट शिफ्ट सात ते तीन असते हे नाशकात राहून मला माहीत नसेल असं कसं म्हणणार.

होल्ड का ठेवतो ते तुम्हाला माहितीये. साध्या वॉरमध्ये प्रत्येकाला दोन अटॅक, कुणाचा गंडला तर दुसऱ्याने क्लीनअप मारता येतो. लीगमध्ये माणशी दिवसाला एकच, मग वर कुणी शून्य स्टार काढला तर हातात काहीतरी पाहिजे म्हणून एकजण राखून ठेवायचा. इथपर्यंत बरोबर आहे आणि मी त्यावर ठामच आहे. प्रश्न एवढाच की राखून कुणाला ठेवायचं, आणि मी आजवर ते स्टारचा ॲव्हरेज बघून ठरवत होतो. अकरा नंबरचा ॲव्हरेज भारी आहे, म्हणून दर वेळी तोच. साध्या वॉरला निदान सर्च (समोरचा क्लॅन शोधणं) आपल्या हातात असतो, रात्री दहाला सर्च मारला की २३ तासांची तयारी धरून लढाई दुसऱ्या दिवशी रात्री नऊला उघडते आणि तिसऱ्या दिवशी नऊला बंद होते, तेव्हा सगळे घरीच असतात. लीगला वॉर बंद व्हायची एकदा जी वेळ पडली तीच सातही दिवस. आम्हाला पडली दुपारी २:४०. कामाधंद्याच्या माणसासाठी याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही.

संध्याकाळी नाशिकरोडच्या काकूंचा फोन. (नवीन लोकांसाठी: आमच्या को-लीडर, निम्म्या क्लॅनचं डोनेशन, म्हणजे मागेल त्याला ट्रुप्स देणं, एकट्या करतात.) म्हणाल्या, "त्या पोराला आधी सॉरी म्हण. आणि तुझ्या शीटमध्ये दुपारी मोकळं कोण असतं ते कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, काकू ते कसं कळणार, पस्तीस जण आहेत. तर त्यांनी फोनवरच धडाधड सांगायला सुरुवात केली. निफाडवाला पहाटे पाचला ट्रुप्स मागतो, बागेत जायच्या आधी, नंतर रात्रीपर्यंत गायब. बारावीतला पोरगा क्लासमधून साडेसातला सुटतो. कॉलेज रोडचा झेरॉक्सवाला बारा ते दोन रिकामा बसलेला असतो, तेव्हाच ड्रॅगन मागतो. कोण कधी डोनेशन मागतं यावरून बाईंना अख्ख्या क्लॅनचा दिवस पाठ! आणि मी तीन वर्षं लीडर.

सॉरी म्हटलं. चॅटमध्येच, सगळ्यांसमोर, कारण शिव्याही सगळ्यांसमोरच घातल्या होत्या. शीटमध्ये "हात मोकळे कधी" असा कॉलम टाकला आणि चौथ्या दिवशी होल्ड झेरॉक्सवाल्याला दिला. त्याचा ॲव्हरेज जेमतेम, मला धाकधूक होतीच. दुपारी १:२० ला पुन्हा ३६-३६ (हा आकडा आता स्वप्नात येतो), शेवटचा ताजा बेस, आणि भावाने गिऱ्हाईक थांबवून दोन स्टार मारले. ३८-३६!

त्याच दिवशी बारावीतल्या पोराने लीगमधला पहिला ट्रिपल (तीनही स्टार) काढला. समोरचा बेस बघून बघून मी माझ्या लेआउटमध्ये साधारण तसाच मांडला होता आणि त्याला त्यावर चार फ्रेंडली चॅलेंज (क्लॅनमधल्या क्लॅनमध्ये सरावाचे अटॅक) मारायला लावले. पहिल्या तीनमध्ये क्वीन (आर्चर क्वीन ही हिरो) दर वेळी डावीकडे भरकटली, चौथ्यात त्याने कोपऱ्यातली बिल्डर हट आधी पाडली आणि क्वीन सरळ आत.

लीग संपल्यावर लीडरने वाटायचे बोनस मेडल जास्त स्टारवाल्यांना द्यायचे असं मागे लिहिलं होतं, ते रद्द. एक झेरॉक्सवाल्याला. एक अकरा नंबरला द्यायचं मनात आहे, पण काकू म्हणतात ते त्याला लाच दिल्यासारखं वाटेल. बघू.

आणि हे लिहिता लिहिता सुचलं, "मारू का" विचारल्यावर दहा मिनिटांत उत्तर नाही आलं तर सरळ मारायचं, होल्ड असला तरी. आजपासून लागू. व्हॉट्सॲपवर टाकलं तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली गाडलं जातं, डिस्कॉर्ड अर्ध्यांनी उघडलंच नाही, म्हणून क्लॅन मेल पाठवायला गेलो तर पाचव्या दिवसाच्या वॉरमध्ये अकरा नंबरचा अटॅक झालेला दिसतोय. ९४ टक्के, दोन स्टार. मला विचारलं पण नाही. काकूंना विचारलं होतं म्हणे.