विनिपेगहून: ८१ डॉलर ४१ सेंट

माझी मावशी अकोले तालुक्यात अंगणवाडी सेविका आहे. मी कॅनडातल्या विनिपेगला आल्यावर पहिल्याच फोनमध्ये तिनं विचारलं, "तिथं गरोदर बायांना सरकार पैसे देतं का गं?" देतं, आणि त्याच पैशांचा अभ्यास करायला मी इथे आले आहे.

विनिपेग ज्या प्रांतात आहे त्या मॅनिटोबात २००१ साली एक भत्ता सुरू झाला. कमी उत्पन्नाच्या घरातल्या गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून बाळंतपणापर्यंत तेव्हा दरमहा जास्तीत जास्त ८१ डॉलर ४१ सेंट मिळायचे. इथल्या महागाईत ही रक्कम किती लहान, ते पहिल्याच महिन्यात किराणा भरताना मला कळलं. पण ती कशावर खर्च केली, हे कुणी विचारत नाही. दिवस गेल्याचा दाखला आणि उत्पन्नाची माहिती दिली की झालं. पावत्या नाहीत, हजेरी नाही.

मॅनिटोबा विद्यापीठाच्या मार्नी ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली याचा परिणाम मांडला. सरकारी मदतीवर घर चालवणाऱ्या बायांपैकी भत्ता मिळालेल्या आणि न मिळालेल्या, अशी तुलना. मिळालेल्यांमध्ये कमी वजनाची बाळं कमी, अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं कमी, आणि अंगावर पाजायला सुरुवात करणाऱ्या आया जास्त. एवढ्याशा पैशात! मी तो निबंध त्या रात्री तीनदा वाचला. दूध, फळं, दवाखान्यापर्यंतचं बसभाडं, किंवा महिनाअखेरची थोडी कमी चिंता. नेमकं कशानं, ते आकडे सांगत नाहीत. पण गर्भारपणात, वेळेवर, हातात पडलेला पैसा बाळापर्यंत पोचतो, याबद्दल माझी खात्री होत चालली आहे.

इथल्या मूळनिवासी समाजाच्या, म्हणजे फर्स्ट नेशन्सच्या, बायांबाबतही असेच चांगले परिणाम पुढे आले. त्यांच्याबद्दलच्या माहितीवर मालकी त्यांचीच, हे तत्त्व इथले संशोधक पाळतात. त्यांना सोबत घेतल्याशिवाय त्यांच्यावर अभ्यास करायचा नाही. हे मला फार मोलाचं वाटतं. उत्तरेकडच्या दुर्गम वस्त्यांमधल्या कित्येकींना बाळंतपणासाठी काही आठवडे आधीच घर सोडून विमानानं शहरात यावं लागतं. घरची पोरं मागे ठेवून. पावसाळ्यात दिवस भरत आले की पाड्यावरून तालुक्याला आणून ठेवलेल्या बाया मला आठवतात.

मावशीला हे सगळं सांगितलं. तिच्याकडे पंतप्रधान मातृवंदना योजनेचं काम असतं: पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये, त्यातले ३,००० नोंदणी आणि तपासणीनंतर, उरलेले २,००० बाळाची जन्मनोंद आणि सुरुवातीच्या लसी झाल्यावर. आधार, बँक खातं, सगळं जुळवता जुळवता तिचे दिवस जातात. ती जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "ज्यांना मिळाले नाहीत, त्या बाया कोण होत्या गं? गरीब तर त्याही होत्या."

माझ्या अभ्यासातला सगळ्यात अवघड प्रश्न हाच आहे. अर्ज करणारी आणि न करणारी यांच्यात आधीच फरक असू शकतो. संशोधकांनी तो हिशेबात धरण्याचा प्रयत्न केला आहे; पण घराचा पत्ताच टिकत नाही, दाखला आणायला कुणी सोबत नाही, अशी बाई गणितात कशी धरायची? माझ्यासमोरच्या नोंदींत नावं नसतात, नुसते क्रमांक. आता मी त्या न मिळालेल्या क्रमांकांपासूनच सुरुवात करणार आहे. मावशीला म्हटलं, तुझ्याकडे अर्ज कुणाचे राहतात, ते मला एकेक करून सांग. ती म्हणाली, "वही आणते, थांब."