हजार किलो बियांची कसोटी

गोव्यात डिचोलीजवळच्या एका काजू कारखान्यासाठी ईआरपी, म्हणजे खरेदी, माल, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, निवडायचं होतं. उलाढाल ४० कोटींच्या आसपास. हिशेब एका सॉफ्टवेअरमध्ये, माल एक्सेलमध्ये आणि सोलणाऱ्या बायकांची मजुरी वहीत. नोव्हेंबरात तीन विक्रेत्यांना एकाच दिवशी बोलावलं आणि आधीच कळवलं, की तुमची नमुन्याची कंपनी दाखवू नका. आम्ही देतो ते कागद आमच्यासमोर नोंदवा.

कागद खरेच होते, फक्त नावं झाकलेली आणि दर कसोटीपुरते गोल केलेले. गेल्या हंगामातला सगळ्यात गुंतागुंतीचा दिवस निवडला होता, कारण साधी खरेदी-विक्री कुठल्याही सॉफ्टवेअरला जमते.

पहिला कागद उत्पादनाचा. १,००० किलो बी, दर १३० रुपये. त्यातून गराच्या पाच प्रती (दर्जे) निघाल्या: अख्ख्या गराच्या डब्ल्यू-२४० ३८ किलो, डब्ल्यू-३२० ९६ किलो आणि डब्ल्यू-४५० ३४ किलो, शिवाय पाकळी ४४ किलो आणि तुकडा ४० किलो, म्हणजे २५२ किलो गर. शिवाय टरफल ६९० किलो, साल १८ किलो आणि उरलेले ४० किलो ओलावा व घट. बहुतेक सॉफ्टवेअरमधलं बिल ऑफ मटेरियल, म्हणजे कशातून काय बनतं याची यादी, जोडणीच्या धंद्यासाठी रचलेलं असतं, दहा भाग घालून एक वस्तू बाहेर येते. काजूत उलटं चालतं. एक वस्तू आत जाते आणि सात बाहेर पडतात, त्याही दर लॉटला वेगळ्या प्रमाणात.

पहिल्या विक्रेत्याच्या माणसाने पाच प्रतींसाठी पाच प्रॉडक्शन नोंदी उघडल्या आणि प्रत्येकीत किती किलो बी घालायची ते काढायला खिशातून मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला. तिथेच आमचं उत्तर मिळालं. जे काम कारखान्यात रोज वीस लॉटना करायचं, ते कॅल्क्युलेटरवर होत असेल तर एक्सेल सुटत नाही.

दुसऱ्याने सगळ्या प्रती एकाच नोंदीत बसवल्या, घटही वेगळी दाखवली. मग आम्ही खर्चाची वाटणी विचारली. त्याच्याकडे वाटणी फक्त वजनावर होती. टरफलाचे पैसे आणि मजुरी बाजूला ठेवली, तर १,३०,००० भागिले २५२, म्हणजे प्रत्येक किलोला ५१६ रुपये. तुकडा ४५० ला विकला तर किलोमागे ६६ रुपये तोटा दिसतो, आणि ९०० ला विकलेल्या डब्ल्यू-२४० वर नफा फुगतो. हे आकडे खरे मानून मालक उद्या तुकड्याची ऑर्डर नाकारेल. पण तुकडा कोणी मुद्दाम बनवत नाही, फोडताना तो निघतोच. वाटणी विक्रीमूल्याच्या प्रमाणात हवी. त्या दिवशीच्या दरांनी सगळ्या गराचं मूल्य १,८१,६४० होत होतं; त्या हिशेबाने तुकड्यावर ३२२ आणि डब्ल्यू-२४० वर ६४४ रुपये खर्च येतो. तिसऱ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये वाटणीची टक्केवारी लॉटगणिक बदलता येत होती. नोंद करायला त्याला सर्वांत जास्त वेळ लागला, पण आकडा बरोबर आला.

दुसरा कागद खरेदीचा. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या कवचासह काजूवरचा जीएसटी रिव्हर्स चार्जने खरेदीदार भरतो, ५ टक्के. शेतकरी बिल देत नाही, म्हणून सेल्फ इन्व्हॉइस आपणच काढायचं, आणि १ नोव्हेंबर २०२४ पासून ते माल मिळाल्यावर ३० दिवसांत काढावं लागतं. हा कर जमा क्रेडिटमधून, म्हणजे खरेदीवर आधी भरलेल्या कराच्या वजावटीतून, वळता होत नाही, रोख भरावा लागतो आणि भरल्यावर त्याचं क्रेडिट मिळतं. तीच बी नोंदणीकृत व्यापाऱ्याकडून घेतली तर कर त्याच्या बिलातच येतो. म्हणून एकाच मालाच्या दोन खरेद्या दिल्या, एक शेतकऱ्याची, एक व्यापाऱ्याची. रिव्हर्स चार्जची खूण मालाच्या मास्टरवर, म्हणजे त्याच्या कायमच्या नोंदीवर, लावली तर व्यापाऱ्याच्या बिलावरही कर दुसऱ्यांदा लागतो. एका पॅकेजात नेमकं तेच झालं. खूण माल आणि पुरवठादार या जोडीवर बसायला हवी. हंगामात वजनकाट्यावर शेतकऱ्यांची रांग असते, तिथला पोरगा प्रत्येक वेळी विचार करून टिक मारेल यावर भरवसा ठेवता येत नाही.

तिसरा कागद ई-इन्व्हॉइसचा, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचा. ५ कोटींवरच्या उलाढालीला ते १ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे आणि १० कोटींपासून पुढच्यांना १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांत पोर्टलवर नोंदवावं लागतं. आयआरएन, म्हणजे पोर्टलने दिलेला बिलाचा क्रमांक, मिळाल्यावर बिल उघडून वजन बदलून दाखवा, असं आम्ही सांगितलं. दोघांनी अडवलं. एकाच्या सॉफ्टवेअरने बदलू दिलं आणि सेव्हही केलं. म्हणजे पोर्टलवर एक आकडा, वहीत दुसरा. २४ तासांच्या आत ते बिल पोर्टलवर रद्द करता येतं, त्यानंतर क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढावी लागते, आणि सॉफ्टवेअरने हीच वाट दाखवली पाहिजे. मसाला काजूवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ ला १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्याआधी विकलेला माल नंतर परत आला तर क्रेडिट नोट १२ टक्क्यांचीच. दर तारखेशी बांधलेला असेल तरच हे आपोआप जमतं.

एडिट लॉगची, म्हणजे कोणी कधी काय बदललं याच्या नोंदीची, तपासणी दोन मिनिटांत उरकली. कंपनी कायद्याखाली तो १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा आहे. ॲडमिनलासुद्धा तो बंद करता येता कामा नये, एवढंच पाहायचं. तिघांचंही बरोबर होतं.

दुपारी जेवणानंतर राउटरची वायर मुद्दाम काढली. पावसाळ्यात डिचोलीच्या बाजूला लाईट आणि नेट कधी जाईल याचा नेम नाही, आणि ट्रक काट्यावर उभा राहतो. क्लाउडवरचं पॅकेज जागच्या जागी थांबलं. त्यावर उपाय आहे, काट्याशेजारचा संगणक नोंदी साठवून नेट आल्यावर पाठवतो. पण तो वेगळा भाग आहे, त्याचे पैसे वेगळे, आणि कोटेशनमध्ये तो नव्हता.

कोटेशन वाचताना पाच वर्षांची बेरीज मांडली. परवाना, उभारणी, बदल, डेटा आणणं, शिकवणी, वार्षिक देखभाल. संगणकावर काम करणारी माणसं २२, पण एका वेळी बसणारी आठच. नावागणिक परवाना २२ चा पडतो, एका वेळच्या संख्येवर घेतला तर आठाचा. ईआरपीनेक्स्टसारख्या मुक्त सॉफ्टवेअरला परवान्याचे पैसे नाहीत, पण सर्व्हर, बॅकअप आणि सांभाळणारा माणूस यांचे आहेत. ते रकाने भरल्याशिवाय तुलना करूच नये. करारात एक ओळ आम्ही हट्टाने घालून घेतली, की सोडून जाताना सगळा डेटा वाचता येईल अशा तक्त्यांत मिळाला पाहिजे, जोडलेल्या बिलांच्या प्रतींसह.

तिसऱ्याला काम दिलं. सुरुवातीची तारीख तिघांनीही १ एप्रिल सुचवली होती, कारण वर्ष तिथून सुरू होतं. काजूच्या कारखान्यात एप्रिल म्हणजे खरेदीचा भर. त्या महिन्यात माणसांना नवी स्क्रीन शिकवता येत नाही. फेब्रुवारीत गोदाम सगळ्यात रिकामं असतं आणि मोजणी सोपी जाते. म्हणून माल आणि उत्पादन १ फेब्रुवारीपासून, हिशेब १ एप्रिलपासून असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मालाची यादी छापून घेतली. त्यात ‘तुकडा’, ‘तुकडा मोठा’, ‘तुकडा मो.’ आणि ‘टुकडा’ अशा चार वस्तू होत्या. गोदामातल्या बाईला विचारलं. ती म्हणाली, “सर, चारही एकच. ह्या रॅकवरचा.” लाल पेन घेऊन तीन नावं खोडली आणि पुढचं पान उघडलं.