आठ प्रोसेसर दिले, चालले दोनच

महापे एमआयडीसीत प्लास्टिकचे साचे बनवणारा एक कारखाना आहे. त्यांचा सर्व्हर मी बघते. डिझाइन विभागाचं विंडोज १० प्रो तिथे लिनक्सवर, क्यूएमू आणि केव्हीएमच्या आधारे चालतं. एका संगणकात दुसरा आभासी संगणक चालवणारी ही मोफत सॉफ्टवेअर आहेत.

परवा तिथल्या काकांनी बोलावून घेतलं. सगळे त्यांना काकाच म्हणतात. "मॅडम, चारचे आठ प्रोसेसर केले, तरी टूलपाथ, म्हणजे कापणाऱ्या हत्याराचा मार्ग, काढायला तेवढाच वेळ जातोय. सॉफ्टवेअर फुकटचं आहे म्हणून का?" हे मला लागलं. ज्या सॉफ्टवेअरवर माझं पोट चालतं त्याच्यावरचा आळ मी तसाच सोडत नाही.

कुठलं काम प्रोसेसर किती वापरतंय हे दाखवणारं 'टॉप' सर्व्हरवर उघडून कॅपिटल एच दाबलं. क्यूएमूचे थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे कामाचे धागे, वेगवेगळे दिसू लागले. प्रत्येक आभासी प्रोसेसरचा एक, म्हणजे आठ. त्यातले दोन शंभर टक्क्यांवर, बाकीचे सहा जवळजवळ शून्यावर. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये पाहिलं तर तिथेही सॉकेट (प्रोसेसरची चिप बसते ती जागा) दोन, प्रोसेसर दोन.

आभासी संगणक सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्ये प्रोसेसरच्या संख्येसाठी नुसतं 'एसएमपी ८' लिहिलेलं होतं. जुनं क्यूएमू याचा अर्थ आठ सॉकेट, प्रत्येकात एक कोअर (चिपमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग), असा लावायचं. विंडोज १० प्रो दोनच सॉकेट वापरतं, मग एकेका सॉकेटमध्ये कोअर कितीही असोत. उरलेले सहा प्रोसेसर कसलीही तक्रार न करता पडून राहतात.

तिथला आयटीचा मुलगा हुशार. ६.२ पासून क्यूएमू सॉकेटऐवजी कोअर वाढवतं हे वाचून त्याने नवी आवृत्ती टाकलीही होती. तरी फरक पडला नाही, कारण स्क्रिप्टमध्ये मशीन, म्हणजे आभासी संगणकाचं मॉडेल, म्हणून 'पीसी-आय४४०एफएक्स-४.२' ठरवून दिलं होतं; शेवटचं ४.२ म्हणजे क्यूएमूची आवृत्ती. आवृत्ती लिहिलेलं मशीन जुनीच वागणूक जपतं. आतल्या विंडोजला आपलं हार्डवेअर बदललं असं वाटू नये, म्हणून. मला ही क्यूएमूची सगळ्यात मोठी जमेची बाजू वाटते. मशीन बदललं असतं तर विंडोजने पुन्हा ॲक्टिव्हेशन मागायची भीती होती. ते तसंच ठेवलं आणि रचना स्पष्ट लिहिली: सॉकेट १, कोअर ८, दर कोअरला थ्रेड १.

मुलगा आतून रीस्टार्ट करायला निघाला होता, त्याला थांबवलं. क्यूएमू ही ओळ सुरू होतानाच वाचतं, त्यामुळे विंडोज पूर्ण बंद करूनच चालू करावं लागतं. तसं केलं. टूलपाथ लावला आणि आठही थ्रेड कामाला लागले.

"मग आता चोवीस द्या की!" काका खूश.

या मशीनची स्वतःची मर्यादा २५५ आहे, कारण त्याच्या प्रोसेसरचा एपिक क्रमांक, म्हणजे प्रत्येकाचा ओळख क्रमांक, आठ बिटांचा असतो. पण सर्व्हरला कोअर सोळाच. चोवीस दिले तर थ्रेड एकमेकांची वाट बघत बसणार. त्याच सर्व्हरवर त्यांचं हिशेबाचं आभासी मशीनही चालतं. त्याच्यासाठी आणि लिनक्ससाठी चार राखून बारा दिले. बारा का, ते मुलाने स्क्रिप्टमध्येच मराठीत लिहून ठेवलं.