मोहरी आली, पण खायची नाही

बेळगावातल्या उद्यमबाग कारखाना-वसाहतीच्या पलीकडं आमची आठ गुंठे लाल जमीन. आजोबांच्या वेळी तिथं भात व्हायचं, भात निघालं की मसूर. मग शेजारच्या गाळ्यात प्लेटिंग सुरू झालं, नट-बोल्टांवर जस्त नि निकेलचा मुलामा. धुतलेलं पाणी बारा वर्षं आमच्या बांधावरून उतरलं. पुढं गाळा बंद पडला, पाणी थांबलं. पण धातू म्हणजे शेणखत नव्हे कुजून जायला. माती तपासली तर जस्त, निकेल होतंच, वर कॅडमियम हा विषारी धातूही.

माती खणून काढा, म्हणाले सगळे. काढून टाकू कुणाच्या दारात?

दसरा झाल्यावर मोहरी पेरली, मातीतले धातू मुळांनी ओढून घ्यायला. धातू पिऊन घेणारी खरी दांडगी झाडं वेगळीच. न्यू कॅलेडोनियात एक झाड आहे, त्याचा चीक निकेलनं निळा-हिरवा होतो. वाळलेल्या पानात किलोमागं एक ग्रॅमहून जास्त निकेल साठवणाऱ्या असल्या झाडांना 1970च्या दशकात शास्त्रज्ञांनी वेगळं नावच दिलं. मोहरीची तेवढी ताकद नाही; पण ती भराभर वाढते, पाला भरपूर देते, आणि थोडं थोडं करत उचलते. एका हंगामात काही होत नाही. वर्षानुवर्षांचं काम आहे.

खालच्या अंगाला, विहिरीकडं, उलटा उपाय केलाय. तिथं चुना आणि कंपोस्ट घालून वाळा लावला. चुन्यानं धातू मातीत जखडून राहतात, झाडाला सहज मिळत नाहीत. वाळाही बहुतेक धातू मुळातच धरून ठेवतो. विहिरीत झिरपू नये एवढंच तिथं बघायचं. मोहरीच्या तुकड्यात मात्र चुना घालत नाही, नाहीतर ती उचलणार काय?

फुलावर आल्यावर मुळासकट उपटली. शेजारच्या मावशी दोर घेऊनच आल्या. "अरे, एवढा कोवळा पाला! आमच्या म्हशीला दे की."

"नको मावशी. ह्यातलं कॅडमियम म्हशीच्या मूत्रपिंडात जाऊन बसतंय."

त्यांना वाटलं, मी चिक्कूपणा करतोय. अजून धड बोलत नाहीत. रानात जाळली तर राख परत त्याच मातीत, म्हणून वाळवून पोती भरली. चार पोती माळ्यावर आहेत. घातक कचरा घेणाऱ्यांकडं रीतसर पाठवायची, तर चार पोत्यांसाठी गाडी कोण पाठवतंय? खरं अडलंय ते इथं.

परवा निपाणीचे मामा आले. म्हणाले, "मोहरी कशाला? तंबाखू लाव. पाला मोठा, पैसाही येतोय."

मी सांगितलं, मामा, कॅडमियम ओढून पानात साठवण्यात तंबाखू मोहरीच्याही पुढं. म्हणून तर बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या अंगात ते जास्त सापडतं.

मामा तळहातावर चुना लावून मळत होते. अंगठा थांबला.

"आमची माती चांगली आहे," म्हणाले, आणि चिमूट गालात सारली.